सुताचा अंक, सुईचा नंबर

मुरबाडहून माळशेजकडे जाणाऱ्या रस्त्यावर, टोकावड्याच्या पुढच्या एका गावात माझे वडील प्राथमिक शिक्षक होते. आम्ही त्यांना नाना म्हणत असू. १९६६च्या हिवाळ्यात माझा धाकटा भाऊ जन्मला आणि त्याच्या टोपीवरून नाना नि आई यांच्यात भांडण झालं. त्या घरातली भांडणं बहुतेक संध्याकाळपर्यंत मिटत. हे मिटलं नाही, फक्त बोलायचं थांबलं.

नाना रोज टकळीवर सूत कातत. शाळेत उद्योगाचा तास असे, त्यात ते आम्हा मुलांना पेळू वाटून देत, आणि घरी आल्यावर ओटीवर बसून स्वतः कातत. आईचा हात लोकरीवर होता. कल्याणच्या दुकानातून लोकर यायची, आणि थंडीच्या आधी घरातल्या प्रत्येकाचं काही ना काही सुयांवर असायचं. एकाच ओटीवर दोघं दोन कोपऱ्यांत बसत. एकाच्या हातात सूत तयार होत असे, दुसरीच्या हातात कापड, पण त्याच्या सुताचा तिच्या सुयांशी कधी संबंध आला नव्हता. मुलाच्या डोक्यावरची पहिली टोपी आपल्या सुताची असावी असं नानांना वाटलं आणि तो संबंध आला.

आईने नेहमीच्या दहा नंबरच्या सुया घेतल्या, एक गुंडी सोडली आणि टाके घातले. सहा-सात ओळींत सूत चार वेळा तुटलं. जेवढं विणून झालं ते मच्छरदाणीसारखं विरळ होतं, आणि चौकोनी व्हायच्या ऐवजी एका अंगाला कललेलं. आई म्हणाली, "अहो, ह्या सुताला कस नाही." नानांना ते लागलं. त्यांचं सूत तालुक्याला नावाजलेलं होतं. "कस आहे," ते म्हणाले, "तुझी सुई जाड आहे." आईने सुया खाली ठेवल्या. भावाला लोकरीची टोपी झाली. सूत ट्रंकेत गेलं.

नाना १९९१ साली गेले, आई २००९ मध्ये. तीन वर्षांपूर्वी गावचं घर रिकामं केलं तेव्हा ट्रंक शहापूरला माझ्याकडे आली. तीत वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या सात गुंड्या होत्या, सहा अखंड आणि सातवी अर्धी. त्याच सुमारास भावाला नात झाली. मी पस्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. या सुतासमोर बसल्यावर मला पहिल्यांदा घरातला एक प्रश्न इतिहासाचा वाटला. सुताला कस नव्हता, की सुईचा नंबर चुकला होता?

नंबर चुकला म्हणायचं तर बरोबर नंबर कोणता, हे आधी ठरवायला हवं. आईच्या कात्रणांच्या वहीत प्रत्येक नमुन्याच्या डोक्यावर 'फोर-प्लाय लोकर, सुया १० नंबर' असं काही तरी आहे. नानांच्या कताईच्या पुस्तकांत सुताचा अंक आहे, कस आहे, समानता आहे. पण वहीत सुताच्या अंकाचा उल्लेख नाही, आणि पुस्तकांत सुईचा. म्हणून दोन्ही आकडे कुठून आले ते शोधायला घेतलं.

सुताच्या अंकापासून सुरुवात करते, कारण त्याचा मागोवा लवकर लागतो. डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावला काँग्रेसचं अधिवेशन झालं. गांधीजींनी अध्यक्षपद स्वीकारलेलं ते एकच अधिवेशन. तिथे सभासदत्वाची वर्गणी पैशांऐवजी सुतात ठरली. महिन्याला २००० वार, वर्षाला २४,००० वार सूत, स्वतः कातलेलं, न जमल्यास दुसऱ्याकडून कातून घेतलेलं. वर्षाच्या आत ही अट सैल करावी लागली. सप्टेंबर १९२५ मध्ये पाटण्याला पैसे किंवा सूत असा पर्याय आला, आणि तिथेच अखिल भारत चरखा संघ स्थापन झाला. पण एकदा सूत वर्गणी म्हणून घ्यायचं ठरल्यावर ते मोजणं आणि पारखणं आलंच. नुसते वार मोजून भागत नाही. जाड सूत लवकर कातून होतं, बारीक सुताला वेळ लागतो. म्हणून लांबी आणि वजन यांचं गुणोत्तर लागतं. तो अंक.

नानांनी आम्हाला हे शाळेत पाठ करून घेतलं होतं. चार फुटांची एक तार. १६० तारांची एक लटी. चार लट्यांची, म्हणजे ६४० तारांची, एक गुंडी. एका पौंडात जितक्या गुंड्या बसतील तो सुताचा अंक. बारा गुंड्या बसल्या तर बारा अंकी सूत, वीस बसल्या तर वीस अंकी. आकडा चढेल तसं सूत बारीक होतं. ६४० तारांचे २५६० फूट होतात, म्हणजे ८५३ वार. हा आकडा लिहून काढल्यावर मी थोडी थांबले. लँकेशायरच्या गिरण्यांमध्ये सुताचा अंक असाच काढत. त्यांची लडी ८४० वारांची, आणि एका पौंडात अशा जितक्या लड्या तितका अंक. ज्या गिरण्यांचं कापड हटवण्यासाठी चरखा उचलला, त्यांचीच मोजपट्टी चरख्याने तेरा वारांच्या फरकाने घेतली होती. यात नाक मुरडण्यासारखं काही नाही. खादीला मागावर गिरणीच्या सुताशी बरोबरी करायची होती, मग गिरणीचं माप सोडून कसं चालेल? पण माग हेच त्या सगळ्या हिशेबाचं टोक होतं. ऑक्टोबर १९३७च्या वर्ध्याच्या शिक्षण परिषदेनंतर मूलोद्योग शाळेत आला, बाळासाहेब खेरांच्या सरकारने तो मुंबई प्रांतात आणला, आणि पुढे नानांसारख्या शिक्षकांच्या हाती टकळी आली. तेव्हाही मुलांच्या सुताचं पुढे काय व्हायचं, याचं उत्तर एकच होतं. कापड, म्हणजे विणकराच्या मागावरचं.

आता सुई. आईच्या सुया राखाडी ॲल्युमिनियमच्या होत्या आणि त्यांच्या टोपणावर आकडा कोरलेला. लहानपणी मला त्या आकड्यांचं कोडं पडे, कारण चौदा नंबरची सुई काडीसारखी आणि चार नंबरची पेन्सिलीएवढी. मोठा आकडा जाड वस्तूचा असावा असं कुठल्याही मुलाला वाटेल. हे उलटं मोजणं विणणाऱ्या बायकांचं नाही, तार ओढणाऱ्या लोहारांचं आहे. लोखंडाची कांब छिद्रांच्या पट्टीतून ओढत, मग आणखी लहान छिद्रातून, मग त्याहून लहान. जितक्या वेळा ओढली तितका तारेचा नंबर. जास्त ओढली की तार बारीक. इंग्लंडमध्ये गावोगावच्या कारखान्यांचे नंबर वेगवेगळे होते. अखेर १ मार्च १८८४ पासून एकच कायदेशीर तारमाप लागू झालं. त्यात आठ नंबरची तार ०.१६० इंच, दहाची ०.१२८, बाराची ०.१०४ आणि चौदाची ०.०८० इंच. मिलिमीटरमध्ये दहा नंबर म्हणजे ३.२५, बारा म्हणजे २.६४, चौदा म्हणजे जवळपास २. विणकामाच्या सुया पोलादी तारेच्याच असत, म्हणून तारेचा नंबर तोच सुईचा. इंग्लंडने १९७०च्या दशकात हे सोडून मिलिमीटर घेतले. आपल्याकडे दुकानात आजही "दहाच्या द्या, बाराच्या द्या" असंच चालतं.

याची खात्री मी शहापुरातल्या सायकलच्या दुकानात करून घेतली. दुकानदाराकडे चौदा गेजचा स्पोक मागितला. त्याने विचारलं, "काकू, एकच? सायकल कुठली?" सायकल नाही म्हटल्यावर त्याने पुढे काही विचारलं नाही. घरी येऊन आईच्या सुया मोजायच्या भोकांच्या पट्टीत तो स्पोक घातला. चौदाच्या भोकात नेमका बसला.

म्हणजे नानांचा अंक मँचेस्टरच्या बाजूने आलेला आणि आईचा नंबर तारेच्या कारखान्यातून. दोन्ही इंग्रजी, दोन्ही उलटे चढणारे. तरी एकावरून दुसरा काढता येत नाही, कारण अंक वजन आणि लांबी सांगतो, नंबर फक्त जाडी. त्यांच्यामध्ये पूल बांधायचा तर कुणाला तरी हातसुताने सुयांवर विणायची गरज पडायला हवी होती. ती आपल्याकडे का पडली नाही?

लोकर या मुलुखाला परकी होती असं नाही. शहापूर आणि मुरबाड हे दोन्ही घाटाच्या पायथ्याचे तालुके. शहापुरातून थळघाट चढून नाशिकला जाता येतं, मुरबाडमधून नाणेघाट चढून जुन्नरला. नाणेघाटातली सातवाहनांची लेणी आणि नागनिकेचा लेख सर्वांना ठाऊक आहे. वर नाशिकच्या लेण्यात उषवदाताचा लेख आहे. त्याने गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणीकडे, तिथला शब्द 'कोलिकनिकाय', २००० कार्षापण ठेव ठेवली. व्याज महिना शेकडा एक, आणि त्या व्याजातून वीस भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी बारा कार्षापण. २००० वर वर्षाचं व्याज २४०, वीस बारे २४०, हिशेब चोख. (मुलांना व्याजाची गणितं शिकवताना हे उदाहरण मी बरीच वर्षं वापरलं.) म्हणजे या घाटांच्या वर, दोन हजार वर्षांपूर्वी, विणकरांची श्रेणी ठेव सांभाळण्याइतकी भरवशाची होती. ते विणकर अर्थात मागावरचे. सूत म्हटलं की माग, ही आपली सवय तितकी जुनी आहे.

लोकर धनगरांबरोबर उतरते. भाताची कापणी झाली की घाटावरचे कळप कोकणात येतात, शेतकरी शेतात मेंढ्या बसवून घेतो, लेंडीचं खत मिळतं, आणि पाऊस जवळ आला की कळप परत चढतात. गुंथर सोन्थायमर यांनी धनगरांचे देव आणि त्यांच्या वाटा यांवर जे लिहिलं त्यात या चढउताराला मोठी जागा आहे. चालता चालता लोकर कातणारे धनगर मीही पाहिले आहेत. ती लोकर घोंगडीत जाते. आमच्या भागात घोंगडी न पाहिलेलं घर नसेल. आवणीला डोक्यावर इरलं आणि बांधावर बसायला घोंगडी. पण ती इथे कुणी विणत नसे. ती पौष पौर्णिमेला म्हशाच्या जत्रेत विकत घ्यायची. म्हशाला बैलबाजार भरतो तसे घोंगड्यांचे ढीगही लागतात.

गेल्या पौषात मी तिथे गेले. एका घोंगडीवाल्याकडे दुरुस्तीसाठी ठेवलेला कातलेल्या लोकरीचा गोळा होता, तो मागितला. कशाला, असं त्याने विचारलं. सुयांवर विणून पाहायचंय, मी म्हटलं. तो हसला. "ताई, ह्याला सुई चालत न्हाई, माग लागतो." तरी दिला, आणि पैसे घेतले नाहीत. दख्खनी मेंढीची लोकर राठ, केसाळ. एकपेडी सूत, कुठे सुतळीएवढं तर कुठे तिच्या निम्मं. दहावर विणलं तर पुठ्ठा झाला. आठवरही तेच. चार नंबरच्या, सहा मिलिमीटरच्या सुयांवर ते थोडं मोकळं झालं आणि बसायला एक बरा तुकडा तयार झाला. अंगात घालायचं मात्र कुणाला सांगू नये. घोंगडीवाल्याचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. मागावर विणून वर चिंचोक्याची खळ दिली की तीच लोकर पाऊस अडवते. ती सुईवर घ्यायचं कारणच इथे कुणाला नव्हतं.

सुयांचं विणकाम वेगळ्या दारातून आलं. मिशनच्या मुलींच्या शाळा, मडमांचे शिवणटिपणाचे वर्ग, मग पुण्या-मुंबईच्या स्त्रीसंस्था. पहिल्या महायुद्धात मुंबईत लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने सैनिकांसाठी कपडे जमवण्यात स्त्रिया उतरल्या, त्यात विणलेल्या वस्तूही होत्या. ठाण्यात १९२५ मध्ये रेमंड हे नाव लागलेली लोकरीची गिरणी उभी होती, पण तीही विणलेल्या कापडाची. आईची विणायची लोकर धारीवालसारख्या उत्तरेकडच्या गिरण्यांची. ती ज्या वेष्टनात येई त्यावर सुईचा नंबर छापलेलाच असे. विणणारीला नंबर निवडायचा नसे, वाचायचा असे. आई हुशार विणणारी होती. पण वेष्टन नसलेलं सूत तिच्या हातात १९६६ साली पहिल्यांदा आलं.

आणि एक समज तिच्या मनात पक्का होता, माझ्याही होता, की सुयांवरचं विणकाम म्हणजे लोकर, सुती दोरा क्रोशाला. तो समज एका छायाचित्राने गेला. सुयांच्या विणकामाचे जे सर्वांत जुने नमुने टिकले आहेत ते इजिप्तमधले आहेत, जुन्या कैरोच्या फुस्तातच्या आसपासचे, मध्ययुगातले पायमोजे आणि तुकडे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आणि वॉशिंग्टनच्या टेक्स्टाइल म्युझियममध्ये ते आहेत. त्यांतले कित्येक सुती आहेत, पांढऱ्या-निळ्या सुतातले. गिरणी तेव्हा कुठून असणार, सगळं हाताचंच सूत. त्याच फुस्तातमध्ये गुजरातच्या छापील सुती कापडाचे तुकडेही सापडले आहेत, म्हणजे आपल्याकडचा कापूस तिथे पोचत होता. हातसुताने विणता येत नाही हे वाक्य त्या मोज्यांपुढे टिकत नाही.

मग मी गुंड्या वजनकाट्यावर ठेवल्या. सहा अखंड गुंड्यांची वजनं ३५, ३६, ३८, ३८, ४१ आणि ४४ ग्रॅम. एक पौंड म्हणजे ४५४ ग्रॅम, त्याला गुंडीच्या वजनाने भागलं की अंक निघतो. नानांचं सूत दहा ते तेरा अंकी होतं, बहुतेक बारा. टकळीच्या सुताला हे चांगलंच म्हणायचं. बारा अंकी एकपेडी सुताची जाडी साधारण पाव मिलिमीटर. आईची दहा नंबरची सुई सव्वातीन मिलिमीटरची. सुई सुताच्या तेरापट! वेष्टनावरच्या नंबरांचा हिशेब लावला तर सुई धाग्याच्या दुप्पट ते अडीचपट जाड धरलेली दिसते. तेव्हा "तुझी सुई जाड आहे" हे नानांचं म्हणणं खरं होतं. पण सुई किती बारीक घ्यायची? अडीचपट म्हणजे जेमतेम पाऊण मिलिमीटर. तशी विणायची सुई बाजारात नाही, असती तरी त्या सुईने टोपी विणायला भावाची मुंज उजाडली असती.

आणि आईचंही खरं होतं. मागावर ताण्याला खळ दिलेली असते आणि शेकडो धागे ताण वाटून घेतात. सुईवर एकच धागा प्रत्येक टाक्याला वळतो, ओढला जातो, घासतो. मागाला पुरणारा कस सुईला पुरत नाही. शिवाय एकपेडी सुतात एकाच दिशेचा पीळ भरलेला असतो. तो टाक्यात सुटायला बघतो आणि कापड तिरकं होतं. ती कललेली पट्टी मला इतकी वर्षं आईच्या रागाची खूण वाटत होती. ती पिळाची होती.

उपाय पेडांचा. एकाच जाडीचे सहा धागे एकत्र वळले की अंकाला सहाने भागायचं. बारा अंकी सहा पेड म्हणजे दोन अंकी दोरा. फोर-प्लाय लोकर वजनाच्या मानाने इतक्याच लांबीची भरते, पन्नास ग्रॅममध्ये १७० मीटरच्या आसपास. माझ्या सहा गुंड्यांचं एकूण वजन २३२ ग्रॅम, प्रत्येक गुंडीचा एक पेड घेतला तर हिशेब दोन अंकावर येत होता. सहा गुंड्या, सहा पेड. आईच्या वहीतला दहा नंबर आणि नानांच्या पुस्तकातला बारा अंक यांच्यामध्ये फक्त हा एक भागाकार होता, आणि दोघांपैकी कुणीही तो केला नाही.

असं मी वहीत लिहून ठेवलं. ते वाक्य पुढे खोडावं लागलं.

पेड वळायला आईच्या सुयांच्या डब्यातून मोठी टकळी काढायला गेले. पत्र्याचा लांब डबा, तळाशी जुनं फडकं. फडक्याच्या आत दोन सायकलचे स्पोक होते, एक टोक घासून गुळगुळीत केलेलं, दुसऱ्या टोकाला लाखेचा मणी. आणि एका स्पोकवर विणकाम होतं, दोन इंच रुंद पट्टी, बावीस टाके, तीस ओळी. सूत मळकट पांढरं. भिंगाखाली पाहिलं तर तीन पेड, उलट पिळाने वळलेले, टकळीवरच वळलेले. अर्धी गुंडी कुठे गेली ते तेव्हा कळलं. बारा अंकी तीन पेड म्हणजे चार अंक, त्याला दोन मिलिमीटरची सुई. पट्टी सरळ आहे. कुठे विरळ नाही, कुठे सूत तुटलेलं नाही. आईने भागाकार केला होता. आकड्यांनी नसेल, बोटांनी केला असेल. तिने हे नानांना दाखवलं का, माहीत असणारं आता कुणी नाही. भावाला विचारलं, त्याला काहीच ठाऊक नव्हतं. नानांच्या सायकलचे स्पोक मात्र नेहमी बदलावे लागत, एवढं त्याला आठवलं.

मी ती पट्टी तशीच ठेवली आणि माझं काम पुढे नेलं. सहा गुंड्यांचे गोळे केले, ते सहा तांब्यांत ठेवले म्हणजे पळत नाहीत, आणि सहा टोकं एकत्र धरून टकळी नानांच्या उलट दिशेने फिरवली. टकळीवर थोडंच सूत मावतं. दिवाळीला बसले ते संक्रांतीला उठले. वळलेला दोरा सैल धरला की त्याचा वळसा स्वतःभोवती फिरत नाही ना, एवढं पाहायचं. फिरला तर पीळ जास्त. मग सोडा घालून उकळलं, कारण कच्च्या कापसावर मेण असतं. वाळल्यावर फूटपट्टीवर एक इंचात किती वेढे बसतात ते मोजलं. एकाच जागी मोजून हातसुताचा अंदाज येत नाही, म्हणून दहा जागी मोजलं. कुठे २२, कुठे २७. म्हणजे जाडी सुमारे एक मिलिमीटर, आणि अडीचपट म्हणजे बारा नंबरच्या आसपास. दहा नंबर लोकरीला बरोबर होता. कापूस त्याच वजनाच्या लोकरीपेक्षा बारीक बसतो आणि लोकरीसारखा आवळून येत नाही, म्हणून सुई दोन नंबरांनी खाली.

तरी तीन नमुने विणले. दहावर इंचाला साडेसहा टाके, टाक्यांमधून पलीकडचं दिसत होतं. बारावर साडेसात, आणि धुतल्यावर चार इंचांचे पावणेचार झाले. चौदावर नऊ, पण जाड गाठीच्या जागी सुई आत शिरेना. हातसुताला हीच खरी परीक्षा दिसते. सर्वांत जाड जागा टाक्यातून ओढाताण न होता गेली पाहिजे, आणि सर्वांत बारीक जागी भोक दिसता कामा नये. बाराने दोन्ही साधलं. बाळाच्या टोपीला सोळा इंचांचा घेर, साडेसात टाक्यांनी १२० टाके. हेच १२० टाके दहावर घातले असते तर घेर साडेअठरा इंच होऊन टोपी डोळ्यांवर आली असती. धुतल्यावर आटेल म्हणून मी आठ टाके वाढवले.

टोपीला ४१ ग्रॅम सूत लागलं. पहिल्या इंचात माझा हात आवळ होता, तिथे किनार थोडी आत ओढली गेली आहे. डाव्या कानाशी एक जाड जागा आली आहे, ती नानांच्या ४४ ग्रॅमच्या गुंडीतली असणार. बहुधा ती मुलांनी कातलेल्या सुताची असावी. शाळेत उरलेलं सूत ते घरी आणून त्याची गुंडी पुरी करत. त्यातलं थोडं माझंही असेल. तिसरीत माझी टकळी फार डुगडुगायची.